नफा दिसतोय, पण पगाराला पैसे नाहीत

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून मशीनचे सुटे भाग बनवायचं छोटं युनिट चालवतो. मागच्या वर्षी विक्री २६० लाख होती, यंदा ३६५ लाख झाली, म्हणजे ४० टक्के वाढ. अकाउंटंट सांगतो टॅक्सच्या आधी २८ लाख नफा आहे. पण खात्यात बघावं तर काहीच नसतं. पगाराच्या आठवड्यात मला झोप लागत नाही, बँकेचं लिमिट, म्हणजे लागेल तसं उचलायच्या कर्जाची मर्यादा, कायम फुल. एकच मोठी पार्टी आमचा ४० टक्के माल घेते, ठरलंय ६० दिवसांचं पण पैसे येतात चार महिन्यांनी. त्यात नवीन मशीनचं डाऊन पेमेंट आम्ही लिमिटमधूनच भरलं. आता तीच पार्टी वर्षाला अजून १०० लाखांचं काम देते म्हणतेय, पंधरा दिवसांत कळवा म्हणाली. भाऊ म्हणतो लिमिट वाढवून घेऊ आणि ऑर्डर पकडू. मला भीती वाटते. सोबत आकडे देते: येणी ७५ लाख, स्टॉक ४८ लाख, सप्लायरची देणी २४ लाख, मालाचा उत्पादन खर्च वर्षाला २९२ लाख. काय करू?"

ताई, आधी तुमच्या मनातली एक शंका काढून टाकतो. तुमचा अकाउंटंट चुकलेला नाही आणि तुमच्याकडे कुणी पैसे खाल्लेलेही नाहीत. नफा खरा आहे, फक्त तो बँकेत न येता दुसरीकडे जाऊन बसलाय, आणि कुठे बसलाय ते तुम्ही दिलेल्या चार आकड्यांतच दिसतं. बरेच लोक पत्रात नुसती अडचण लिहितात, तुम्ही आकडे दिलेत त्यामुळे नेमकं बोलता येतंय.

वर्षाची विक्री ३६५ लाख म्हणजे दिवसाला १ लाख. येणी ७५ लाख, म्हणजे ७५ दिवसांची विक्री लोकांकडे उधार पडलीय. मालाचा खर्च २९२ लाख म्हणजे दिवसाला ८० हजार, त्या हिशोबाने ४८ लाखांचा स्टॉक हा ६० दिवसांचा माल झाला. सप्लायरचे २४ लाख म्हणजे त्यांचे पैसे तुम्ही ३० दिवसांनी देताय. आता ६० अधिक ७५ वजा ३०, आले १०५. तुमच्या हातून पैसे गेले की ते परत हातात यायला १०५ दिवस लागतात, साडेतीन महिने झाले हे. याला कॅश कन्व्हर्जन सायकल म्हणतात, आणि छोट्या धंद्यात हा एक आकडा नफ्याइतकाच बघितला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, पण बघतं कोण, सगळे विक्री आणि नफ्याचंच विचारतात.

आता रकमेत बघा. ७५ अधिक ४८ वजा २४ म्हणजे ९९ लाख तुमच्या धंद्यात कायम अडकलेले असतात. मागच्या वर्षीही दिवस साधारण इतकेच होते असं धरलं तर २६० लाखांच्या विक्रीला ७१ लाख अडकलेले असणार. म्हणजे एका वर्षात अडकलेली रक्कम वाढली २८ लाखांनी. आणि नफा किती, तर २८ लाख. सगळाच्या सगळा नफा वाढलेल्या उधारीत आणि वाढलेल्या स्टॉकमध्ये गेला, त्यावरचा टॅक्स भरायचा तो कुठून, तर लिमिटमधून, मशीनचं डाऊन पेमेंट ते पण लिमिटमधून, मग लिमिट फुल राहणार नाही तर काय होणार.

म्हणून लिमिट वाढवायची घाई नको. तुम्हाला पैसे लागतायत हे खरंय, पण त्यातले बरेचसे तुमच्याच धंद्यात पडलेत आणि ते बाहेर काढायला व्याज लागत नाही. समजा येणी ७५ वरून ६० दिवसांवर आली तर १५ लाख सुटतात. स्टॉक ६० वरून ४५ दिवसांवर आला तर १२ लाख. सप्लायरला ३० ऐवजी ४० दिवसांनी पैसे द्यायचं रीतसर ठरलं तर ८ लाख. एकूण ३५ लाख झाले, आणि यात एकही नवीन ऑर्डर नाही की कर्ज नाही. हे सगळं एका महिन्यात होणार नाही, सहा-आठ महिने लागतील, पण रस्ता हाच आहे.

सुरुवात मोठ्या पार्टीपासून करा कारण सगळ्यात जास्त तिथेच अडकलंय. ७५ दिवस ही सरासरी आहे आणि सरासरी फसवते. बाकीचे गिऱ्हाईक समजा ४५ दिवसांत देत असतील तर त्यांच्याकडे २७ लाख असतील, म्हणजे उरलेले ४८ लाख एकट्या या पार्टीकडे आहेत आणि त्यांचे दिवस होतात १२०. तुम्ही चार महिने म्हणालात ते बरोबर जुळतं. येणी गिऱ्हाईकवार आणि वयवार लावून बघायची सवय लावा, ३० दिवसांपर्यंतची किती, ६० पर्यंतची किती, ९० च्या वर किती, दर सोमवारी हा कागद टेबलावर पाहिजे.

आता ६० चे १२० कसे होतात ते बघू. सगळे म्हणतात पार्टी वाईट आहे, मुद्दाम लटकवते. काही लटकवतात पण, नाही असं नाही. पण मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत माझा अनुभव असा की निम्म्याच्या आसपास उशीर आपल्याच टेबलावर झालेला असतो. माल ५ तारखेला गेला पण बिल महिनाअखेरीला एकदम सगळी बनतात, तिथे २५ दिवस गेले. बिलावर परचेस ऑर्डरचा नंबर नाही किंवा जुनाच टाकलाय, बिल त्यांच्या अकाउंट्सच्या ट्रेमध्ये पडून राहतं आणि तुम्हाला कुणी फोन करून सांगत नाही. रेट सुधारलेला पण ऑर्डरमध्ये जुनाच, तर बिल अडकलं. चार पीस रिजेक्ट झाले म्हणून पूर्ण लॉटचं पेमेंट थांबलं. माल पोचल्याची त्यांच्या स्टोअरची एंट्रीच झालेली नाही. आणि मुख्य म्हणजे ६० दिवस मोजायचे कधीपासून, माल निघाल्यापासून, माल मिळाल्यापासून का बिल पास झाल्यापासून, हे कुठेच लिहिलेलं नसतं, मग ते त्यांच्या सोयीने मोजतात. पेमेंट महिन्यातून एकदाच निघत असेल आणि तुमचं बिल एका दिवसाने हुकलं तर अजून एक महिना गेला.

तर तुम्ही स्वतः, भावाला न पाठवता स्वतः, त्या पार्टीची मागच्या सहा महिन्यांची सगळी बिलं काढून बसा. प्रत्येक बिलाला पाच तारखा लिहा: माल निघाला कधी, बिल बनलं कधी, त्यांच्याकडे पोचलं कधी, पास झालं कधी, पैसे आले कधी. कंटाळवाणं काम आहे. पण नेमके कुठे दिवस जातायत ते या कागदावर दिसेल आणि मग भांडायचं कुणाशी आणि स्वतः सुधारायचं काय हे कळेल. माल गेटबाहेर गेला की त्याच दिवशी बिल, हा नियम उद्यापासून करा. ड्यू तारखेच्या आठवडाभर आधी त्यांच्या अकाउंट्सला एक साधा फोन, "आमचं अमुक बिल पास झालंय ना, काही कागद राहिलाय का?" यात वसुलीचा सूर नसतो म्हणून कुणी दुखावत पण नाही, आणि अडकलेलं बिल ड्यूच्या आधीच सापडतं. ज्यांच्या सहीने पेमेंट निघतं त्या माणसाचं नाव तुमच्याकडे पाहिजे, परचेसवाला साहेब कितीही गोड बोलला तरी चेक तो काढत नाही.

उशिराची किंमतही समजून घ्या. बँक तुम्हाला समजा १२ टक्क्यांनी पैसे देते, तर १२० दिवसांची उधारी म्हणजे बिलाच्या जवळपास ४ टक्के व्याजातच गेले. तुमचा निव्वळ नफा ७-८ टक्के आहे, म्हणजे या पार्टीला माल देऊन त्यातला अर्धा तुम्ही बँकेला देताय. रेट ठरवताना ही उधारी रेटमध्ये धरली होती का? बहुतेक नसेलच, कोणी धरत नाही. आणि बुडीत गेलं तर काय होतं तेही सांगतो, ८ टक्के नफ्यावर २ लाख बुडाले तर ते भरून काढायला २५ लाखांची नवी विक्री करावी लागते.

त्यांना लवकर पेमेंटवर सूट द्यायची का, हा प्रश्न येईल. इथे डोळे उघडे ठेवून हिशोब करा. २ टक्के सूट देऊन पैसे ९० दिवस आधी आले तर तुम्हाला ते वर्षाला सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास पडतं, बँकेपेक्षा स्वस्त, तेव्हा जरूर द्या. पण तीच २ टक्के सूट ३० दिवसांऐवजी १० दिवसांत पैसे देणाऱ्याला दिली तर फक्त २० दिवस आधी मिळण्यासाठी तुम्ही वर्षाला ३७ टक्के मोजताय. टक्का एकच आहे पण दिवस बदलले की सगळं बदलतं. हेच उलट्या बाजूने पण वापरा, सप्लायर जर १० दिवसांत दिले तर २ टक्के सोडतो म्हणत असेल तर लिमिटमधून काढून दिले तरी तुमचाच फायदा आहे.

दुसरा मार्ग म्हणजे बिल डिस्काउंटिंग किंवा फॅक्टरिंग. पार्टीवरचं बिल बँकेकडे किंवा फॅक्टरिंग कंपनीकडे दिलं की साधारण ८० टक्क्यांच्या आसपास रक्कम लगेच मिळते, बाकीची पार्टीने पैसे दिल्यावर, त्यांची फी कापून. पार्टी मोठी आणि नावाजलेली असेल तर रेट बरा मिळतो कारण तिथे तुमच्यापेक्षा तिची पत बघतात. फक्त एक गोष्ट करारात नीट वाचा, पार्टीने पैसे दिलेच नाहीत तर ते तुमच्याकडून परत मागणार का. मागणार असतील तर धोका तुमच्याच डोक्यावर आहे, तुम्ही फक्त वेळ विकत घेतलाय. आणि आधी बिलाची शिस्त लावा मग इकडे जा, नाहीतर स्वतःच्या ढिलाईवर व्याज भरत बसाल.

स्टॉकबद्दल थोडक्यात, पण एक गोष्ट जरा सविस्तर. तुमच्यासारख्या युनिटमध्ये ४८ लाख म्हटलं की सगळे कच्च्या मालाच्या रॅककडे बघतात. खरं बघायचं ते मशीनसमोर पडलेल्या ट्रेमध्ये, अर्धवट झालेला माल. एका मशीनवर सेटिंग बदलायला वेळ लागतो म्हणून एकदम मोठी बॅच काढतात, ती पुढच्या मशीनसमोर आठवडा-आठवडा पडून राहते, त्यात मटेरियल पण गेलंय आणि मजुरी पण गेलीय आणि विकता तर येत नाही. टोयोटाने जस्ट इन टाइम, म्हणजे लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढंच बनवायची पद्धत बसवली तेव्हा सेटिंगचा वेळ कमी करण्यावर एवढा जोर दिला तो यासाठीच, सेटिंग पटकन होत असेल तर छोटी बॅच परवडते आणि छोटी बॅच असेल तर माल पटापट पुढे सरकतो. तुम्हाला टोयोटा व्हायची गरज नाही, पण सगळ्यात जास्त चालणाऱ्या दोन पार्टच्या बॅचचा साइझ निम्मा करून महिनाभर बघा.

कच्च्या मालात एबीसी लावा, म्हणजे किमतीप्रमाणे आयटमचे ए, बी, सी असे गट पाडा, किमतीने मोठा हिस्सा थोड्याच आयटमचा असतो, त्यांच्यावर दर आठवड्याला लक्ष द्या, नट-बोल्ट-वॉशर मोजत वेळ घालवू नका. एकदम जास्त घेतलं तर ३ टक्के स्वस्त, असं सप्लायर सांगतो तेव्हा तो माल किती महिने पडून राहणार ते विचारा स्वतःला. किती ऑर्डर करायचं याचं गणित फोर्ड व्हिटमन हॅरिसने १९१३ मध्येच मांडलंय, ऑर्डर करायचा खर्च एका बाजूला आणि माल सांभाळायचा खर्च दुसऱ्या बाजूला, या दोन्हींचा मेळ बसेल तेवढंच घ्यायचं. आणि सहा महिन्यांत हललेला नाही असा माल असेल तर मिळेल त्या भावाला काढा. जीवावर येतं, माहितीय मला, पण कागदावरची किंमत पगाराला उपयोगी पडत नाही.

सप्लायरकडून ४० दिवस घ्यायचे म्हणजे न सांगता दहा दिवस उशीर करायचा असा अर्थ नाही. हा मुद्दा मला फार जवळचा आहे. तुमच्यासोबत मोठी पार्टी जे करतेय तेच तुम्ही तुमच्या छोट्या सप्लायरसोबत करू नका, त्याच्याही घरी पगाराचा आठवडा असतोच. जो तगडा सप्लायर आहे त्याच्याशी बसून बोला, ४० दिवस द्या, त्याबदल्यात तारीख चुकणार नाही आणि महिन्याची ऑर्डर आधी सांगतो. तारखेला पैसे देणाऱ्याला दिवस वाढवून मिळतात, न सांगता टाळणाऱ्याला पुढच्या वेळी अ‍ॅडव्हान्स मागतात, आणि मग हे ३० दिवस पण हातचे जातात.

मशीनचं मात्र लगेच सरळ करा. लिमिट असतं ते काही महिन्यांत पैसे परत फिरून येतील अशा गोष्टींसाठी, माल घेतला, बनवला, विकला, वसूल झाला. मशीन पुढची कित्येक वर्षं थोडं थोडं कमावून देणार, त्याचे पैसे साडेतीन महिन्यांत परत येणारच नाहीत, मग तेवढं लिमिट कायमचं बुजलं. बँकेत जाऊन सांगा की ती रक्कम टर्म लोनमध्ये, म्हणजे हप्त्यांनी फेडायच्या कर्जात, वळवायचीय, मशीनची कागदपत्रं दाखवा, हप्ता बसेल पण लिमिट मोकळं होईल. आणि लिमिट वाढवायला गेलात तरी एक लक्षात असू द्या, बऱ्याच बँका ९० दिवसांहून जुनी येणी हिशोबात धरतच नाहीत. म्हणजे मोठ्या पार्टीकडच्या ४८ लाखांतला एक भाग बँकेच्या लेखी नाहीच. वसुली सुधारली तर आहे त्या लिमिटमध्येच जास्त पैसे काढता येतील, हे भावाला नक्की दाखवा, त्याला पटेल.

झोपेचं म्हणालात. त्यासाठी एक साधी एक्सेल शीट करा, पुढच्या १३ आठवड्यांची. वर सुरुवातीची शिल्लक, मग त्या आठवड्यात कुणाकडून किती येणार, मग काय काय जाणार, पगार, सप्लायर, हप्ता, वीज, टॅक्स, खाली उरलेली शिल्लक. येणारे पैसे ड्यू तारखेला लिहू नका, ती पार्टी खरंच ज्या दिवशी देते त्या दिवशी लिहा, नाहीतर शीट छान दिसेल आणि खातं रिकामंच राहील. बिलावर गोळा केलेला टॅक्स वेगळ्या खात्यात टाका, तो तुमचा नाहीच, आणि बऱ्याचदा पार्टीने पैसे द्यायच्या आधीच तुम्हाला भरावा लागतो म्हणून तोही शीटमध्ये हवा. दर आठवड्याला मागचा आठवडा काढून पुढचा जोडायचा. सातव्या आठवड्यात पैसे कमी पडणार हे आज कळलं तर फोन करायला, माल हलवायला, बँकेशी बोलायला हातात दिवस असतात. आदल्या रात्री कळलं तर फक्त घाबरणं उरतं.

आता ऑर्डर. भावाचा उत्साह चुकीचा नाही, १०० लाखांच्या कामावर ढोबळ नफा (विक्री वजा मालाचा खर्च) २० टक्के म्हणजे २० लाख दिसतायत, कुणालाही मोह होईल. पण हीच पार्टी, हेच १२० दिवस, असाच स्टॉक आणि सप्लायरचे तेच ३० दिवस धरले तर या कामात साधारण ४० लाख अडकतील, आणि ते २० लाख हातात दिसायच्या आधी अडकतील. चांगला नफा असलेले धंदे याच जागी बंद पडतात, ऑर्डर नव्हती म्हणून नाही तर ऑर्डर पेलायला कॅश नव्हती म्हणून, ओव्हरट्रेडिंग म्हणतात ते हेच. दिवस वर सांगितलेत तसे सुधारले, म्हणजे पार्टी ८२ दिवसांवर (बाकीचे ४५ दिवसांतच देत राहिले तर ६० ची सरासरी यायला ती इथे यावी लागते), स्टॉक ४५, सप्लायर ४०, तर याच कामाला २४ लाखांच्या आसपास पुरतील. शिवाय एकाच पार्टीवर आज तुमची ४० टक्के विक्री आहे, ही ऑर्डर घेतली की निम्म्याच्या वर जाईल, त्यांनी एक महिना पेमेंट थांबवलं तर तुमचं सगळंच थांबेल.

नाही म्हणू नका, अटींवर हो म्हणा. तुम्ही त्यांचा माल वेळेवर देत आलाय म्हणूनच ते तुमच्याकडे आले, तेव्हा आत्ता बोलायची ताकद तुमच्याकडे आहे, ऑर्डर घेतल्यावर नसेल. पहिलं मागणं, कच्चा माल त्यांनी पुरवावा आणि तुम्ही फक्त जॉबवर्कचे, म्हणजे बनवून देण्याच्या कामाचे पैसे घ्यावेत, यात विक्रीचा आकडा छोटा दिसेल पण तुमचे पैसे फारच कमी अडकतील. ते नाही जमलं तर मटेरियलपुरता अ‍ॅडव्हान्स. तेही नाही तर ६० दिवस माल पोचल्यापासून मोजायचे असं ऑर्डरवर लिहून, आणि जुनी ९० दिवसांच्या वरची बिलं नवीन काम सुरू व्हायच्या आधी चुकती. यातलं काहीच मान्य नसेल तर १०० ऐवजी ३० लाखांचं काम घ्या, तीन-चार महिने त्यांचं पेमेंट कसं येतं बघा, मग वाढवा. मोठ्या कंपनीचा माणूस यावर रागावत नाही हो, त्याला अशा अटी रोज ऐकायला मिळतात, संकोच फक्त आपल्यालाच वाटतो.

आणि त्यांच्याकडे बोलायला जाताना तो पाच तारखांचा कागद सोबत न्या, त्यांच्याकडे कुठल्या टेबलावर किती दिवस जातात ते दाखवता आलं तर बोलणं तक्रारीचं राहत नाही. पंधरा दिवसांची मुदत आहे ना, तर पहिला आठवडा त्या बिलांच्या फायलीला आणि १३ आठवड्यांच्या शीटला द्या, शीटमध्ये ही ऑर्डर एकदा घालून आणि एकदा न घालता दोन्ही चित्रं काढा, आणि ती भावाच्या शेजारी बसून काढा, म्हणजे किती लाखांचं काम घ्यायचं ते दोघं मिळून ठरवाल.